डाबचे गोठलेले दव आणि सूर्याचा हिशेब

पौषातल्या निरभ्र रात्री सातपुड्यात डाब, वालंबा या अक्कलकुवा तालुक्यातल्या डोंगरगावांत दव गोठते. पहाटे गवताच्या पात्यांवर, चाऱ्याच्या गंजीवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर, उघड्यावर उभ्या केलेल्या गाड्यांच्या टपांवर पांढरा थर धरलेला दिसतो. तोरणमाळलाही असे दिवस येतात. त्यांची बातमी छायाचित्रासह छापून येते आणि खाली मैदानात राहणाऱ्यांना आपल्याच जिल्ह्यात बर्फ पडल्यासारखे वाटते. पण त्या बर्फाहून मला एक दुसरी गोष्ट विलक्षण वाटते. दव गोठते नेमक्या त्याच दिवसांत पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते.

३ जानेवारीच्या मागेपुढे पृथ्वी आणि सूर्य यांच्यातले अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर असते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ते १५ कोटी २१ लाखांवर जाते. या ५० लाख किलोमीटरच्या फरकामुळे वातावरणाच्या माथ्यावर येणारे ऊन जुलैपेक्षा जानेवारीत सुमारे सात टक्क्यांनी अधिक असते. वर्षातले सर्वांत तेज ऊन पृथ्वीवर पडत असते आणि डाबच्या माळावर मात्र दवाचे बर्फ होत असते.

नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या बाजारात मे महिन्यात उन्हाचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतोच, ‘सूर्यच तापलाय आता.’ हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. जी ऊब आहे ती सगळी सूर्याचीच आहे, मग ऊब वाढली तर सूर्याकडे बोट जाणे अगदी स्वाभाविक आहे. शास्त्रज्ञांनीही पहिल्यांदा तिकडेच पाहिले आणि शंभराहून अधिक वर्षे सूर्याची झडती घेतली. त्या झडतीतून निघालेले उत्तर समजून घ्यायला नंदुरबार जिल्ह्याइतकी सोयीची जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. एकाच जिल्ह्यात गोठणारे दव आहे, चाळिशी ओलांडणारा मे आहे, सखल तापीकाठ आहे आणि अकराशे मीटरवरचे तोरणमाळ आहे.

आधी दवाचे कोडे. जानेवारीच्या सुरुवातीला डाबला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांच्या आसपासच चढतो. ऊन तिरके पडते, म्हणजे तेच ऊन जास्त जमिनीवर पसरते. दिवस अकरा तासांहूनही थोडा लहान, रात्र तेरा तासांहून मोठी. पृथ्वीच्या आसाचा कल सूर्याच्या जवळिकीवर मात करतो, हे शाळेत शिकवतात. पण यातून थंडी कळते, गोठणे कळत नाही. कारण त्या पहाटे माणसाच्या उंचीवर टांगलेला तापमापक बरेचदा शून्याच्या वर तीन-चार अंश दाखवतो आणि तरीही पायाखालच्या गवतावर बर्फ असतो.

इथे खरी गंमत सुरू होते. प्रत्येक उबदार वस्तू प्रकाश टाकत असते. तापलेले लोखंड लाल दिसते, कारण त्याचा प्रकाश आपल्या डोळ्यांना कळतो. जमीन, गवत, भिंत, आपले शरीर यांचा प्रकाश मात्र अवरक्त असतो. तो दिसत नाही, पण उष्णता घेऊन जातो. सूर्याचा प्रकाश मुख्यतः अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासच्या तरंगलांबीचा, जमिनीचा दहा मायक्रॉनच्या आसपासचा. सूर्य मावळला की जमिनीची आवक थांबते, पण तिचा हा खर्च रात्रभर चालूच राहतो. हवेत पाण्याची वाफ भरपूर असेल किंवा आभाळ असेल तर तो अवरक्त प्रकाश अडतो आणि त्यातला मोठा भाग खाली परत येतो. पौषात सातपुड्याची हवा कोरडी असते, वारा पडलेला असतो, आभाळ स्वच्छ असते. आठ ते तेरा मायक्रॉनच्या पट्ट्यात तर आकाश जवळजवळ उघडे पडते. गवताचे पाते आपली उष्णता त्या वाटेने सरळ अवकाशात टाकते, आजूबाजूच्या हवेपेक्षा अधिक थंड होते आणि त्याच्यावरचे दव गोठते. त्याच महिन्यात एखाद्या रात्री ढग आले की थंडी एकदम ओसरते. डोंगरातल्या माणसाला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आभाळ आले, आता गारठा कमी होणार, हे सांगायला त्याला हवामान खात्याची गरज लागत नाही.

म्हणजे हिशेब दोन आहेत. सूर्य किती देतो हा एक, आणि हवा किती थांबवून धरते हा दुसरा. डाबच्या जानेवारीत सूर्य सर्वांत जवळ असला तरी तिरक्या उन्हामुळे पहिल्या खात्यात जमा कमी पडते आणि दुसऱ्या खात्यात गळती असते, म्हणून पाणी गोठते.

हे दुसरे खाते विज्ञानाने एकोणिसाव्या शतकात उघडले. फ्रान्सच्या जोसेफ फूरिएने १८२४ मध्ये मांडले की हवा सूर्यप्रकाशाला आत येऊ देते, पण जमिनीच्या अदृश्य उष्णतेला बाहेर जाताना अडवते. १८५६ मध्ये अमेरिकेत युनिस फूट या स्त्रीने काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून ती उन्हात ठेवली. कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे सर्वांत जास्त तापले आणि सावलीत नेल्यावर निवायलाही त्यालाच सर्वाधिक वेळ लागला. हवेत हा वायू जास्त असता तर पृथ्वी अधिक उबदार झाली असती, हा निष्कर्ष तिने तेव्हाच काढला होता. तिचा निबंध ऑल्बनीच्या विज्ञान परिषदेत जोसेफ हेन्री यांनी वाचला. त्यानंतर दीडशे वर्षे तिचे नाव जवळजवळ कोणी घेतले नाही, याचे मला फार वाईट वाटते.

१८५९ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडलने अवरक्त उष्णता किती अडते हे थेट मोजले. हवेचा ९९ टक्के भाग असलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजन तिला जवळजवळ अडवतच नाहीत. अडवतात ती पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि इतर काही वायू, ज्यांचे प्रमाण अगदी थोडे असते. टिंडलने पुढे असेही लिहिले की इंग्लंडवरच्या हवेतली वाफ उन्हाळ्यातल्या एका रात्रीपुरती काढून घेतली तरी थंडीने मरणारे प्रत्येक झाड मरेल. त्याने डाब पाहिले नव्हते, पण डाबच्या माळावर दर पौषात जे थोड्या प्रमाणात घडते त्याचेच हे वर्णन आहे.

हे वायू नसते तर पृथ्वीचे सरासरी तापमान उणे १८ अंश सेल्सिअस राहिले असते. ते अधिक १५ च्या आसपास आहे. तेहतीस अंशांचा हा फरक म्हणजेच नर्मदा आणि तापी वाहत्या असण्याचे कारण. हरितगृह वायू म्हटले की आपल्याला फक्त संकट आठवते, पण आपण जिवंत आहोत ते त्यांच्यामुळे. आणखी एक आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा थांबून पुन्हा वाचला होता. वर्षभराची आणि साऱ्या पृथ्वीची सरासरी काढली तर जमीन आणि समुद्र मिळून सूर्याकडून दर चौरस मीटरला सुमारे १६० वॅट शोषतात. हवेकडून आणि ढगांकडून खाली येणारी अवरक्त उष्णता मात्र सुमारे ३४० वॅट आहे, म्हणजे दुपटीहून जास्त. ती रात्रीही येत असते आणि उपकरणाने मोजता येते. हवेने ही उष्णता स्वतः निर्माण केलेली नाही. गोधडी ऊब तयार करत नाही, अंगाची ऊब धरून ठेवते, तसेच हे आहे. तीच सौर ऊर्जा जमीन आणि हवा यांच्यात पुन्हा पुन्हा फिरते, म्हणून आकडा मोठा दिसतो.

आता सूर्याच्या खात्याकडे वळू, कारण नंदुरबारात त्याचा मान मोठा आहे. कर्कवृत्त महाराष्ट्राच्या उत्तरेला राहते, त्यामुळे राज्यात सगळीकडे वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मेच्या सुरुवातीला सिंधुदुर्गातून हा शून्य सावलीचा दिवस उत्तरेकडे सरकू लागतो आणि मेच्या अखेरच्या दिवसांत नंदुरबार, मग धडगाव, तोरणमाळ असा राज्याच्या उत्तर टोकाला पोहोचतो. अवकाशात सूर्याकडे तोंड केलेल्या एका चौरस मीटरवर सरासरी १३६१ वॅट ऊर्जा पडते. स्वच्छ दुपारी डोक्यावरच्या सूर्याखाली त्यातले हजाराच्या आसपास वॅट जमिनीपर्यंत येतात.

या जिल्ह्यात त्या उन्हावर धंदे उभे आहेत. नंदुरबारची लाल मिरची देशभर जाते, आणि ती वाळते ती शहराबाहेरच्या पथारींवर. मोकळ्या जमिनीवर एकरच्या एकर लाल मिरची पसरलेली असते आणि शेकडो बायामाणसे ती उलटी-पालटी करत, निवडत असतात. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात उन्हाळ्यात कैऱ्या चिरून, घराच्या आसपास वाळवून आमचूर करतात. मोहफुलेही अशीच वाळतात. कोणतेही यंत्र नाही, इंधन नाही. या लोकांनी उन्हाचे मोल कोणत्याही सौर अभियंत्याआधी जाणले आहे.

मेच्या अखेरीस डोक्यावर आलेला सूर्य थोडा उत्तरेला जाऊन परततो आणि जुलैच्या मध्याला नंदुरबारात पुन्हा डोक्यावर येतो. दोन्ही वेळा दुपारच्या सूर्याची उंची तीच. पृथ्वी-सूर्य अंतरातला फरक अगदी किरकोळ. पण मेच्या अखेरीस पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि जुलैच्या मध्याला तिशीच्या आसपास. मधल्या काळात मृग लागलेला असतो. ढग ऊन परतवतात आणि ओल्या जमिनीवर पडणारी उष्णता तापमान वाढवण्याऐवजी पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. तोच सूर्य आणि दहा अंशांचा फरक! जानेवारीच्या दवाने जे सांगितले तेच जुलै वेगळ्या तऱ्हेने सांगतो.

हवा उष्णता कशी धरते याचे आणखी नेमके चित्र शहादा–तोरणमाळ रस्त्यावर मिळते. सातपायरी घाटाची वळणे चढत वर गेले की उन्हाळ्यातही हवा निवत जाते. नंदुरबार शहर आणि तोरणमाळ यांच्या उंचीत नऊशे मीटरच्या आसपास फरक आहे. हवेचे तापमान सरासरी दर किलोमीटरला साडेसहा अंशांनी उतरते, म्हणून वरची हवा सुमारे सहा अंशांनी थंड. डोंगर सूर्याच्या जवळ असूनही थंड असतो, कारण हवेला मुख्यतः जमीन तापवते आणि वर जाणारी हवा पसरताना निवते.

आता हाच घाट मनाने आणखी वर चढत जाऊ. सुमारे पाच किलोमीटर उंचीवर हवा सरासरी उणे १८ अंश असते. हा आकडा मघाशी आला होता. वायू नसते तर जमिनीचे जे तापमान राहिले असते तेच हे. योगायोग नाही. खालच्या हवेतून निघालेला अवरक्त प्रकाश वरचे वायू पुन्हा अडवतात. सरासरी पाहता पाचेक किलोमीटरच्या वर हवा इतकी विरळ होते की तिथून निघालेला प्रकाश अवकाशात निसटू शकतो. पृथ्वीची उष्णता जिथून बाहेर पडते तो मजला तो. सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेइतकी ऊर्जा बाहेर टाकायला तिथे उणे १८ अंश लागतात. त्याखाली दर किलोमीटरला साडेसहा अंश मिळवत जमिनीवर या, म्हणजे सुमारे ३३ अंश वाढतात आणि अधिक १५ हा आकडा हाती येतो. कार्बन डायऑक्साइड वाढला की निसटण्याचा मजला वर सरकतो. वरची हवा अधिक थंड, म्हणून ती कमी उष्णता बाहेर टाकते. आवक तीच आणि खर्च कमी, त्यामुळे उष्णता साठत जाते. तो नवा मजला पुरेसा तापेपर्यंत खालची सगळी हवा आणि जमीनही तापते. हरितगृह परिणामाचे हे खरे यंत्र आहे. ‘उष्णता अडकते’ एवढ्या दोन शब्दांत ते पुरते कळत नाही, म्हणून मी इथे वाचकाला मुद्दाम घाट चढायला लावला.

या हिशेबाची पहिली मोठी आकडेमोड स्वीडनच्या स्वांते आर्‍हेनियसने १८९६ मध्ये केली. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास पाच ते सहा अंश वाढ होईल असे त्याला दिसले. आजचा अंदाज तीन अंशांच्या आसपास आहे. हाताने केलेल्या गणितासाठी हे उत्तर थक्क करणारे आहे.

मग सूर्य निर्दोष आहे हे कशावरून? या तपासात भारताचा वाटा जुना आहे आणि तो दुष्काळातून आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकामागून एक दुष्काळ पडले. हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी सूर्याच्या उष्णतेची नीट मोजमापे घ्यावीत असा आग्रह धरला, कारण सौरडागांचा आणि पावसाचा संबंध असावा अशी तेव्हा अनेकांची धारणा होती. १८९९ मध्ये कोडईकनालला सौर वेधशाळा उभी राहिली. त्याच वर्षी पाऊस रुसला आणि विक्रम संवत १९५६ चा, म्हणून छप्पन्नाचा म्हटला गेलेला दुष्काळ खानदेशावर कोसळला. नंदुरबार तेव्हा खानदेश जिल्ह्यातच होते. कोडईकनालला विसाव्या शतकाच्या आरंभापासून सूर्याची रोजची छायाचित्रे घेतली जात आहेत आणि जगातल्या सर्वांत दीर्घ सौर नोंदींमध्ये त्यांची गणना होते.

सूर्यावरचे डाग सुमारे अकरा वर्षांच्या चक्रात वाढतात आणि घटतात. ही गोष्ट जर्मनीच्या हाइन्रिख श्वाबेने १८४३ मध्ये जाहीर केली. १६४५ ते १७१५ या काळात तर डाग जवळजवळ दिसेनासे झाले होते. १९७८ पासून उपग्रह वातावरणाबाहेरून सूर्याचे तेज थेट मोजत आहेत. डाग जास्त असतात तेव्हा सूर्य किंचित अधिक तेजस्वी असतो, पण हा फरक ०.१ टक्का, म्हणजे १३६१ मध्ये साधारण एक वॅट. जानेवारी आणि जुलै यांच्यातला फरक याच्या नव्वदपटीहून जास्त असतो. तो मात्र वर्षाच्या सरासरीत मिटून जातो, म्हणून तापमानवाढीच्या हिशेबात येत नाही.

१९८० च्या दशकापासून सूर्याच्या तेजात वाढीचा कल नाही, उलट किंचित घट आहे. २००८ च्या अखेरीस सुरू झालेले चोविसावे चक्र तर शंभर वर्षांतले सर्वांत दुबळे ठरले. त्याच दुबळ्या चक्रात २०१५ आणि २०१६ ही तोवरची सर्वांत उष्ण वर्षे नोंदली गेली. सूर्य आणि पृथ्वीचे तापमान यांची वाट तिथे उघड फुटली.

थोडे गणित करून पाहू. पृथ्वी गोल आहे, तिची अर्धी बाजू अंधारात असते आणि तीस टक्के ऊन ती परतवते. त्यामुळे सूर्याच्या तेजात एक वॅट वाढ झाली तर पृथ्वीच्या सरासरी चौरस मीटरला जेमतेम ०.१८ वॅट जास्त मिळतात. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या (आयपीसीसी) २०२१ च्या अहवालानुसार १७५० ते २०१९ या काळात माणसाच्या कृतीमुळे ऊर्जेच्या ताळेबंदात पडलेला निव्वळ भार दर चौरस मीटरला २.७ वॅट आहे. एकट्या कार्बन डायऑक्साइडचा २.१६ वॅट, मिथेनचा अर्ध्या वॅटहून थोडा जास्त. धूर आणि बारीक धूलिकण ऊन परतवतात, म्हणून त्यांचा भार उलटा आहे. तो वजा करूनच हे २.७ उरतात. याच काळातला सूर्याचा वाटा शून्याच्या आसपास. हे काम सूर्याने केले असते तर त्याचे तेज पंधरा वॅटने, म्हणजे एका टक्क्याहून जास्त वाढावे लागले असते. उपग्रह टक्क्याचा दहावा हिस्सा सहज पकडतात. पंधराच्या निम्मी वाढ असती तरी ती त्यांच्या नजरेतून सुटली नसती.

हवेच्या खात्यात मात्र नोंद स्पष्ट आहे. औद्योगिक काळाआधी हवेच्या दर दहा लाख रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० होते. चार्ल्स कीलिंगने १९५८ मध्ये हवाईच्या माउना लोआ पर्वतावर मोजायला सुरुवात केली तेव्हा ३१५ होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. आपल्या बाजूलाही हे मोजमाप झाले आहे. दक्षिण गोव्यात काब द रामच्या समुद्रकड्यावर १९९३ पासून हवेचे नमुने घेतले गेले, आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९ पासून सिंहगडावर हा वायू मोजला. मोसमी वाऱ्यांच्या दिशेनुसार आणि पिकांच्या वाढीनुसार आकडे वर्षभर खालीवर होतात, पण दरवर्षीचा चढ तिथेही तोच.

हा कार्बन कोळसा, तेल आणि वायू जाळल्यानेच आला हे त्याच्या वजनावरून ओळखता येते. कार्बनचे समस्थानिक, म्हणजे वेगवेगळ्या वजनाचे अणू, असतात. कार्बन-१४ पन्नासेक हजार वर्षांत जवळजवळ झिजून जातो, म्हणून कोट्यवधी वर्षे पुरलेल्या कोळशात तो उरत नाही. शिवाय वनस्पती जड कार्बन-१३ थोडा कमी घेतात आणि कोळसा हा वनस्पतींचाच अवशेष. हवेत या दोन्हींचे प्रमाण घटत गेले आहे. हवेतला ऑक्सिजनही जळणाच्या हिशेबाने किंचित कमी होत आहे. समुद्रातून किंवा ज्वालामुखीतून हा वायू आला असता तर या खुणा अशा एकत्र जुळल्या नसत्या.

तरी माझ्या मते सर्वांत सुंदर पुरावा आपल्या डोक्यावर दहा-पंधरा किलोमीटरपलीकडे, स्थितांबरात आहे. सूर्य तेज झाला असता तर खालची हवाही तापली असती आणि वरचीही. हरितगृह वायू वाढल्यास मात्र खालची तापते आणि वरची निवते, कारण तिथे कार्बन डायऑक्साइड उष्णता अवकाशात टाकण्याचे काम करतो. स्यूकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी हे भाकीत १९६७ मध्ये गणिताने केले, जेव्हा पडताळायला उपग्रहही नव्हते. पुढे उपग्रहांनी आणि फुग्यांनी नेमके तेच मोजले. ओझोन घटण्याचाही त्यात वाटा आहे, पण जितके वर जावे तितका गारवा कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबाशी जुळतो. मानाबे यांना २०२१ चे नोबेल मिळाले. जगभराच्या सरासरीत दिवसांपेक्षा रात्री जास्त तापल्या, हीसुद्धा वायूंची खूण म्हणून सांगतात. भारतात ती तितकी साफ दिसत नाही, आपल्याकडे कमाल तापमानच जास्त वाढले आहे. म्हणून इथल्या वाचकाने स्थितांबराच्या पुराव्यावर भर द्यावा असे मला वाटते.

याचा अर्थ सूर्य हवामान बदलतच नाही असा नाही. त्याची लय फार संथ आहे, इतकेच. पृथ्वीचा आस हळूहळू डोलतो आणि सूर्याच्या जवळ येण्याचा काळ वर्षभरातून सरकत जातो. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ यायची ती उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात. तेव्हा भारताची भूमी अधिक तापत होती, मोसमी वारे जोमदार होते आणि पाऊसही आजच्यापेक्षा जास्त होता. पुढे ती जवळीक हिवाळ्याकडे सरकली आणि पाऊस हजारो वर्षांत हळूहळू उतरत गेला. तापी आणि गोमाईच्या संगमावर प्रकाशा येथे १९५५ मध्ये उत्खनन झाले, त्यात ताम्रपाषाण काळातली वस्ती सापडली. ती माणसे त्या ओसरत्या पावसाच्या काळातली. पण या बदलाला सहस्रके लागतात. आजची वाढ एका माणसाच्या आयुष्यात मावते आहे.

भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढले, असे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेल्या २०२० च्या अहवालात म्हटले आहे. हिंदी महासागराच्या उष्णकटिबंधातले पाणी १९५१ ते २०१५ मध्ये एका अंशाने तापले. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक वाफ धरू शकते. ही वाफ स्वतः हरितगृह वायू आहे, म्हणून ती कार्बन डायऑक्साइडचे काम वाढवते. फरक असा की वाफ नऊ-दहा दिवसांत पावसावाटे खाली येते, कार्बन डायऑक्साइडचा काही भाग हजारो वर्षे हवेत राहतो. त्यामुळे सूत्रे कार्बनच्या हाती राहतात.

या वाढीव वाफेचा अर्थ पथारीवाल्यांना लगेच कळतो. मिरची वाळायला कोरडी हवा आणि सलग ऊन लागते. ऐन हंगामात अवकाळी पाऊस आला की पसरलेली मिरची भिजते, काळी पडते, सडते, आणि तिथे रोजंदारीवर असलेल्या बायांचे कामही थांबते. एखाद्या विशिष्ट अवकाळी पावसाचे खापर थेट कार्बनवर फोडणे बरोबर नाही, त्यासाठी प्रत्येक घटनेचा वेगळा अभ्यास लागतो. पण हवेत वाफ जास्त असेल तर पडणारा पाऊस अधिक जोरात पडतो, हे भौतिकशास्त्राचे साधे फळ आहे. ज्यांच्या पाड्यांत वीज उशिरा पोहोचली, ज्यांनी वाळवणासाठीसुद्धा कधी इंधन जाळले नाही, त्यांच्या अंगणात हा भार पडतो आहे. मला हे अन्यायाचे वाटते आणि तसे स्पष्ट म्हणायला हवे.

सूर्यावरची नजर मात्र ढिली झालेली नाही. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले भारताचे आदित्य-एल१ यान ६ जानेवारी २०२४ रोजी आपल्या जागी पोहोचले. त्यावरची सूर्याच्या अतिनील किरणांची छायाचित्रे घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेने इस्रोच्या साथीने घडवली. अकरा वर्षांच्या चक्रात अतिनील किरण एकूण तेजापेक्षा कितीतरी जास्त बदलतात आणि स्थितांबरातल्या ओझोनवर परिणाम करतात, म्हणून हे मोजमाप मोलाचे आहे.

सध्याचे पंचविसावे सौरचक्र २०२४ च्या सुमारास शिखरावर होते. दशकाच्या अखेरीस सूर्य पुन्हा मंद टप्प्यात उतरेल आणि त्यामुळे पृथ्वीचे तापमान सुमारे ०.१ अंशाने खाली ओढले जाईल. हरितगृह वायूंमुळे होणारी वाढ मात्र दर दशकाला ०.२ अंशाच्या आसपास आहे. सूर्य कारण असेल तर २०३० च्या आसपासची वर्षे २०२४ पेक्षा थंड जायला हवीत. हवा कारण असेल तर सूर्य मंद असतानाही उष्णतेचे आकडे चढेच राहतील, आणि ते नंदुरबारच्या तापमापकावरही वाचता येतील.